ह्यांनी निवडलेला जॅक

ह्यांना कंपवात आहे हे कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी सर्वांत आधी मोटरसायकल बंद केली. घरी आल्यावर ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे." वाद घातला नाही, चिडले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

खडकीच्या कारखान्यातून हे निवृत्त झाले त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गाडी आमच्या लग्नानंतर लवकरच घेतलेली. मुलगी लहान असताना तिला मध्ये बसवून आम्ही भोरपर्यंत जायचो. घराच्या कडेला पत्र्याचं छोटं गॅरेज होतं. दर रविवारी सकाळी हे तिथं बसून चेन साफ करायचे, तेल घालायचे, ब्रेक बघायचे. चालवणं सुटलं, पण हे काम सुटलं नाही. "उभी राहून गाडी जास्त खराब होते," म्हणायचे.

गाडी मेन स्टँडवर घ्यायचं त्यांना एरवी काहीच वाटायचं नाही. स्टँडवर पाय, मागं हात, एक झटका, की काम झालं. एका रविवारी मी आत पोहे भिजवत होते आणि गॅरेजमधून मोठा आवाज आला. धावत गेले तर गाडी आडवी आणि ह्यांचा पाय तिच्याखाली. मी हँडल धरून ओढायला लागले. गाडी जागची हलेना.

"आधी पेट्रोलचा कॉक बंद कर," हे म्हणाले. "मग शेजारच्यांना बोलाव."

हाड मोडलं नव्हतं, सुजेवर निभावलं. संध्याकाळी खराडीहून मुलगी आली. "बाबा, आता विकून टाका ना. रिस्क कशाला घ्यायची?" हे ताटातली भाकरी मोडत बसले. हात इतका थरथरत होता, की तुकडा तोंडापर्यंत जाईपर्यंत आम्ही दोघी दुसरीकडे बघत राहिलो. शेवटी मीच म्हणाले, "गाडी उचलायचं काहीतरी यंत्र मिळत असेल. तसलं आणू."

मग दुपारभर मोबाइलवर तसले व्हिडिओ बघणं सुरू झालं आणि एके दिवशी आम्ही रिक्षानं नाना पेठेत गेलो. दुकानदारानं तीन प्रकार दाखवले. पॅडॉक स्टँड मागच्या चाकाखाली लावून दांडा खाली दाबायचा, की चाक वर. पण दाबताना गाडी सरळ धरून ठेवावी लागते, म्हणजे दोन माणसं हवीत. दुसरं होतं हायड्रॉलिक टेबल. त्यावर अख्खी गाडी चढवायची आणि पायानं पंप मारायचा, की टेबल गाडीसकट वर. मला तेच आवडलं, वाकायला नको. ह्यांनी मान हलवली. "आपलं गॅरेज एवढं लांब नाही. आणि वर चढवताना ढकलणार कोण?"

तिसरा सिझर जॅक. गाडीच्या पोटाखाली सरकवायचा, पान्यानं स्क्रू फिरवायचा, की तो कात्रीसारखा उघडत वर येतो. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. किती वजन पेलतो ते विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "फिरवायला हाताला जोर किती लागतो?"

"गाडी कोण उचलणार आहे, त्यावर आहे," दुकानदार म्हणाला.

"ही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. दुकानदारानं फक्त स्टूल पुढं सरकवलं. "मग बसा वहिनी, फिरवून बघा. नंतर तक्रार नको."

त्यानं दुकानातल्याच एका गाडीखाली जॅक सरकवला आणि मी पाना फिरवला. गाडी हळूहळू वर आली. ह्यांनी रबर लावलेला, रुंद बैठकीचा जॅक निवडला.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "अहो, हे तुमच्यासाठी घ्यायचं होतं ना?"

"माझ्या हातांच्या मापानं घेतला, तर सहा महिन्यांत बदलावा लागेल," हे म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

मग मी शिकले. हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे बांधून ते भिंतीतल्या हुकांना ताणायचे. जॅक सायलेन्सरच्या पाइपला न टेकवता फ्रेमखाली बसवायचा. हे खुर्चीवर बसून सांगायचे. "डावीकडे घे. अजून. आता फिरव." मी चुकले तर म्हणायचे, "कणीक मळत नाहीयेस तू." पुढं आवाज इतका बारीक झाला, की मला पाना खाली ठेवून त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागे. नंतर बोटानं दाखवायचे. शेवटी बोटही स्थिर राहीना, तेव्हा नुसते डोळे मिटून 'बरोबर' अशी खूण करायचे.

जेवताना ठसका लागायला लागला, त्यातून न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून ह्यांना परत आणता आलं नाही.

कितीतरी आठवडे मी गॅरेजचं दार उघडलं नाही. मग एका रविवारी मुलगी आली होती. चहा झाल्यावर मी उठले, पट्टे बांधले, जॅक लावला, मागचं चाक उचललं. ती दारात उभी राहून बघत होती. गाडी विकायचा विषय तिनं काढला नाही. आत येऊन फरशीवर बसली आणि तिनं चाक फिरवलं.

चेन एका जागी आली की ताठ व्हायची, पुढं सैल पडायची.

"आई, चेनचं हे असंच असतं का?"

ह्यांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मला ऐकू आलं नसेल. मी म्हणाले, "माहीत नाही गं."

तिनं पुन्हा चाक फिरवलं. ताठ, मग सैल. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि चाक थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.