तिथीची पाऊणपट आणि आईंची प्रदक्षिणा

सहलीचा तक्ता करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. निघायची वेळ, वडखळच्या कोंडीसाठी राखून ठेवलेला पाऊण तास, चहा कुठे, स्वच्छ बाथरूम कुठे, सगळं रंगीत रकान्यांत. या वेळचा तक्ता मात्र एकाच माणसासाठी होता, तो म्हणजे माझ्या सासूबाई.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन महिन्याभरावर आलं होतं. त्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती, हरिहरेश्वरच्या डोंगराला समुद्राच्या कडेने प्रदक्षिणा, स्वतःच्या पायांनी. माझा नवरा प्रसाद दोन वर्षांचा झाला तरी पाऊल टाकत नव्हता, तेव्हा त्या बोलल्या होत्या, ‘पोर चालू दे, मी येऊन चालत प्रदक्षिणा घालीन.’ पोर चाललं. आई त्यानंतर तीनदा हरिहरेश्वरला गेल्या. एकदा भर पावसाळा, एकदा बरोबरच्या पाहुण्यांना घाई, एकदा सासऱ्यांना परतीची एसटी चुकण्याची धास्ती. नवस राहिला तो राहिलाच.

प्रसाद आमच्याबरोबर आला नाही, कारण त्या रविवारी त्याची हाफ मॅरेथॉन होती. यावर मी काही बोलणार नाही.

शनिवारी पहाटे पाचला पुण्याहून दोघीच निघालो. गाडी मीच चालवत होते. खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. अलिबागपर्यंतचा रस्ता सहन करायचा असतो. रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो, सुपारीच्या वाड्यांमधून वळणं घेत जातो आणि एखाद्या वळणावर अचानक उजवीकडे सगळा समुद्र दिसतो. काशीदला शहाळं प्यायलो, मग फणसाडच्या जंगलाकडे गाडी वळवली. आईंना चालवत नव्हतं, म्हणून आम्ही झाडाखाली नुसत्या बसून राहिलो. अर्ध्या तासाने वरच्या फांदीवर शेकरू आलं, लालसर, शेपूट खाली सोडून. चालत फिरणारे बरेच जण ते न बघताच परतले. बसून राहण्याचाही एक फायदा असतो, असं आई म्हणाल्या.

मुक्काम मुरूडला. वाडीतली साधी खोली, पंखा बरा, जेवण घरचं. मला सुरमई, आईंना शनिवार म्हणून वालाचं बिरडं. संध्याकाळी बाजारात सुक्या कोळंबीचे सोडे घ्यायला गेले तिथे हिराबाई भेटली. टोपलीपुढे बसलेली, माझ्या घासाघिशीला अजिबात न बधणारी कोळीण.

“उद्या कवा जाताव हरेश्वरला?” तिने विचारलं.

“साडेतीनला पोचू. प्रदक्षिणा करायचीय.”

“उद्या चवथ हाय ना? तिथीची पाऊनपट करायची, बाय. चार, चाराची पाऊनपट तीन. तीनला पानी भरलंय. तुमी साडेतीनला जाऊन काय करनार?”

मी हसून सोडे पिशवीत टाकले. मोबाइलवर हवामान बघितलं होतं, ऊन होतं, वारा नव्हता. आणखी काय लागतं! आई शेजारीच उभ्या होत्या.

रविवारी आगरदांड्याला गाडी बोटीवर चढवली. बोटीवरच्या माणसाने मला उतारावरून रिव्हर्स घ्यायला लावलं आणि ते मला तिसऱ्या खेपेला जमलं. गाडीसकट भाडं दोन-अडीचशेच्या आसपास धरा, सुटे जवळ ठेवा. पलीकडे दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन. दिवेआगरला मी जेवले, आईंची संकष्टी, म्हणून त्यांनी मी बांधून आणलेला दाण्याचा लाडू खाल्ला. म्हणजे बघा, चतुर्थी आहे हे मला ठाऊक होतं! लाडूसुद्धा मीच केले होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

साडेतीनला, अगदी तक्त्याबरहुकूम, आम्ही हरिहरेश्वरच्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होतो. खाली वाट नव्हतीच. खडकाच्या फटीतून पाणी वर उसळत होतं. तिथल्या रखवालदाराने काठी आडवी धरली.

“न्हाय सोडनार, ताई. मागं मानसं वाहून गेलीत हितून.”

“पाणी कधी उतरेल?”

“रातच्याला नऊ. अंधारात कोन सोडतंय? उद्या या धाच्या सुमाराला.”

उद्या सहाला निघायचं होतं. अकराला ऑफिसात मीटिंग, तीही मीच लावलेली.

“असू दे गं,” आई म्हणाल्या. “पुढच्या वेळी.”

इतक्या सहज म्हणाल्या, की मला तोंडात मारल्यासारखं झालं. याआधी तीन वेळा त्या असंच म्हणाल्या असणार.

“आई, काल हिराबाई बोलली ते तुम्ही ऐकलं होतंत ना?”

“ऐकलं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू एवढं सगळं ठरवलं होतंस. मी कशाला मध्ये मोडता घालू?”

मला भयंकर लाज वाटली. पावसाळा, पाहुणे, एसटी आणि आता माझा तक्ता. मी तिथूनच ऑफिसात फोन करून मीटिंग रद्द केली. चंद्र दिसल्यावर हरिहरेश्वरच्या मुक्कामी घरमालकिणीच्या उकडीच्या मोदकांवर आईंनी उपास सोडला.

सोमवारी दहाला समुद्र पार लांब गेला होता. आई एक पाय खाली टाकत, दुसरा त्याच्याजवळ आणत, आडव्या आडव्या उतरल्या. मध्यावर थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता. वर जायचं तरी तेवढंच, खाली जायचं तरी तेवढंच. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले. काय, ते शेवटी सांगते.

खाली लाटांनी कातळाला अनारशासारखी जाळी पाडलीय. आई त्यावरून हात फिरवत चालत होत्या. लोक पाऊण तासात जातात, आम्हाला दोन तास लागले. वाळूवर पाय टेकल्यावर त्यांनी प्रसादला फोन लावला.

“झालं रे माझं!”

“माझंही झालं काल, आई! एकवीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं!”

“मला बेचाळीस वर्षं लागली,” आई म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

तुम्ही जाणार असाल तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तिथी मोजा, पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी तिथल्या माणसाचं ऐका.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आई उभ्या राहिल्या, पण पाऊल उचलेना. नर्स समजावत होती, प्रसाद समजावत होता. मला हरिहरेश्वरच्या त्या पायऱ्या आठवत होत्या; तिथे मी, देवाधर्माच्या वाटेला न जाणारी, बोलून बसले होते. आई पुन्हा चालू देत, मी पुन्हा येऊन चालत प्रदक्षिणा घालीन.

मग त्यांनी पाऊल टाकलं. एक, दोन, चार.

मी घरी आले आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढून डिसेंबर उघडला. एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी दुपारी दोन-सव्वादोनला. पूर्ण दिवसाची रजा टाकली. आईंना अजून सांगितलेलं नाही.