त्याला गोळ्या, मला शिव्या

सरांनी माझ्या वेणीची लाल रिबीन खिडकीच्या गजाला बांधली. "आता बघ बाहेर," म्हणाले. सहावीचा अख्खा वर्ग खिदळला. मान जरा हलली की केस ओढले जायचे. सुट्टी झाली, कुणी सोडलं नाही. हात मागे नेऊन मीच गाठ सोडली. घरी गेल्यावर रिबीन मळवली म्हणून आईचा मार.

माझा गुन्हा काय? फळ्यावरचं वाक्य उतरवता उतरवता मन भलतीकडे जायचं. वही विसरायची, डबा विसरायचा. माझ्याहून वर्षाने धाकट्या भावाचंही तेच. फक्त तो बाकांवरून उड्या मारायचा, पोरांना बोचकारायचा. त्याच सरांनी आमच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोरगा हुशार आहे, लक्ष लागत नाही. कल्याणला डॉक्टरांना दाखवा." दाखवलं. त्याच्या त्रासाला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, दहावीला पेपर लिहायला जादा वेळ मिळाला.

मला मिळाला एक शब्द. वेंधळी. घरात वेंधळी, शाळेत वेंधळी, आवणीला भात लावायला शेतात उतरले तरी वेंधळी. आणि कहर बघा, भावाला रोज सकाळी आठवणीने गोळी देण्याचं काम कुणाकडे? या वेंधळीकडे! विसरले की पाठीत धपाटा.

यंदा मी बारावीला नापास झाले. वडील म्हणाले, "बास झालं शिक्षान. मुरबाडचं स्थळ आलंय."

त्याच आठवड्यात आई भावाला घेऊन कल्याणला निघाली. पिशवी धरायला मी. डॉक्टरांनी त्याला तपासलं. तो उठला आणि त्याच्या खुर्चीत मी बसले.

"आता मला तपासा."

डॉक्टर हसले. "अगं, तू तर किती शांत आहेस. मुलींना हे सहसा नसतं."

"तिला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "येंधली हाय ती, बाकी काय नाय."

शांत! मी उड्या मारल्या असत्या तर तंगडं मोडून हातात दिलं असतं माझं. म्हणून मी गप्प होते. बाहेर पेशंट खोळंबले, दोनदा दार वाजलं, मी उठले नाही. शेवटी डॉक्टरांनी प्रश्न विचारायला घेतले, भावाला विचारले होते तेच. उत्तरं ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं. आणखी एक खेप झाली. आजार तोच निघाला, लहानपणापासूनचा.

बाहेर आल्यावर आई कुजबुजली, "कोनाला बोलू नको गो. गोल्या खानाऱ्या पोरीला कोन करून घेल?"

सगळ्यांना सांगणार आहे. मुरबाडच्या पाहुण्यांना सगळ्यात आधी. स्थळ मोडलं तर मोडलं. मी परत बारावीला बसणार. भावाला दिला तेवढाच जादा वेळ मलाही पाहिजे. तो वेळ संपायच्या आत माझ्या हातातला पेपर कुणी ओढून तर बघावा.