सिग्नलवाली मेव्हणी

उभ्या थेरगावात माझ्या मेव्हणीइतकं हट्टी माणूस सापडणार नाही, आणि सापडलंच तर तिने त्याला पेशींबद्दल ऐकवून कधीच घरी पिटाळलेलं असेल. ती प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठींवर काम करते. गाठीच्या मधोमध रक्त नीट पोचत नाही, ऑक्सिजन कमी पडतो. तिथल्या पेशी मरायचं सोडून आतल्या आत सिग्नल देत तग धरतात आणि रेडिएशनलाही दाद देत नाहीत. ते सिग्नल तोडायचे, एवढंच तिचं म्हणणं. पण सिग्नल आणि रेडिएशन हे दोन शब्द एका दमात ऐकून आमच्या सोसायटीने ती मोबाईल टॉवरवर कामाला आहे असं ठरवून टाकलं. नेटवर्क गेलं की चेअरमन जिना चढून तिच्या दारात हजर. एकदा घरच्या हळदीतून ती अर्ध्यात उठली, का तर 'पेशींना खायला घालायचंय'. नवरीच्या आईला वाटलं, हिने कोंबड्या पाळल्यात.

मग सासऱ्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं; आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. सासरे म्हणाले, "शेक न्हाई घ्यायचा. भाजून मरण्यापरीस असाच मरतो." सगळ्यांनी हात टेकले. मेव्हणी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. त्यांची हयात भोसरीच्या कारखान्यात गॅस कटर धरण्यात गेलेली. तिने विचारलं, "बाबा, ऑक्सिजन कमी सोडला तर पत्रा कापतो का?"

"न्हाई. नुसता लाल व्हतो."

"गाठीच्या मधल्या पेशींनाही ऑक्सिजन कमी, म्हणून त्यांच्यावर शेकही तसाच कमी चालतो. बाहेरच्या मरतील."

"मग मधल्यांचं औषध तुज्याकडं हाय ना?"

आम्ही मागून खुणावतोय, हो म्हण बाई. ती म्हणाली, "नाही बाबा. माझं अजून डबीतल्या पेशींवरच चाललंय." मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. सासरे मात्र उठले. "खरं बोलली. कवा जायचं?"

सगळे शेक त्यांनी घेतले. रांगेतल्या पेशंटना सांगायचे, "माजी पोरगी यावरच काम करती, टॉवरवर न्हाई." गाठ बरीच बसली, मधलं एवढंसं राहिलं. मेव्हणीने रिपोर्ट दोनदा वाचला. शिफ्ट सुटताना पुढच्या गड्याला सांगतात तसं सासरे तिला म्हणाले, "माज्यानं झालं तेवढं केलं. राह्यलेलं तुज्याकडं."

वर्षभराने ते गेले. चौथ्या दिवशी ती कामावर निघाली. नातेवाइकांनी नावं ठेवली, ठेवू देत. मी तिला गाडीवरून प्रयोगशाळेपर्यंत सोडलं. ती उतरली आणि पेशींना खायला घालायला आत गेली. परतताना मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता. अभिमान म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.