फोरमनकाकांची लाल गाडी

फोरमनकाकांच्या हाती बंद वस्तू द्यायची नाही, असा आमच्या कॉलनीत अलिखित नियमच होता. बिघडलेला मिक्सर द्या, नाहीतर नुसतं उशिरा चालणारं घड्याळ द्या, ते आधी कानाशी नेणार, मग नाकाशी नेणार आणि म्हणणार, "खोलून पाहा लागते." पुढच्या पाच मिनिटांत त्या वस्तूची आतडी वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली. एकदा माझ्या शाळेची विजेची घंटा त्यांनी अशीच खोलून जोडली. त्यानंतर ती इतकी खणखणीत वाजायला लागली की पहिलीची मुलं दोन दिवस रडत होती. काका मात्र खूश. "आता कसं? पार लाखनी गावाले ऐकू जाईन!"

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आम्ही दहा वर्षं शेजारी. ते फोरमन, मी शाळेत शिक्षिका. ते मला 'बाई' म्हणत आणि आमच्या मधल्या मेंदीच्या कुंपणावरून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत. विषय कोणताही निघो, तिसऱ्या वाक्याला तो त्यांच्या गाडीवर यायचा.

गाडी म्हणजे दोन दारांची, दोनच माणसांची, टप नसलेली, लालभडक स्पोर्ट्स कार. एवढी बुटकी की स्पीडब्रेकर दिसला की काकू डोळे मिटून घ्यायच्या. नागपूरच्या एका बंगल्यामागे तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. काकांनी ती घरी आणली, पोतंभर पिसं काढली आणि पंधरा वर्षं तिला खोलत-जोडत बसले. पार्ट कुठेच मिळत नसत, म्हणून बरेचसे स्वतः घडवले. हेडलाइटच्या रिंगा तर भंडाऱ्याच्या एका भांडी घडवणाऱ्याकडून पितळेच्या करून आणल्या. दर दसऱ्याला काकू देवाच्या समया आणि त्या रिंगा एकाच बैठकीत चिंचेने घासत. "दोन्ही देव्हाऱ्यातलेच हायेत," त्या म्हणायच्या, "एक तं निदान शांत बसते."

ही देवी नुसत्या चावीने कधी प्रसन्न झाली नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास हाक यायची, "धक्का माराले या हो!" आणि क्वार्टरची अख्खी लाइन चपला शोधायला लागायची. कोणी कुठे हात लावायचा हे ठरलेलं होतं. मागची डावी बाजू माझी. पदर खोचून मी धावायचे आणि मुख्याध्यापकांनी पाहू नये अशी प्रार्थना करायचे. पुढे मुख्याध्यापक स्वतःच उजवी बाजू सांभाळायला यायला लागले. गाडी धाडकन खोकून सुरू झाली की आम्ही सगळे अंगावर धूर घेऊन, काही पराक्रम केल्यासारखे टाळ्या वाजवायचो. मग मात्र तिला थांबवायचं नाही. थांबली की संपली, पुन्हा सगळ्यांना हाक.

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले आणि प्रश्न उभा राहिला. क्वार्टर सोडायचं, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला आपल्या घरी जाऊन राहायचं. काकूंचे गुडघे दुखत होते, महिन्यातून एकदा भंडाऱ्याला डॉक्टरकडे जावं लागायचं. आता वाटेत ही देवी रुसली तर धक्का कोण मारणार? पुण्याच्या मुलाने फोनवर एका गाडीचे फोटो पाठवले. तीही दोन दारांची, तीही लाल, चारच वर्षं वापरलेली. नागपूरचा विकणारा जुनी गाडी बदल्यात न्यायला तयार होता.

मग आठ दिवस काकांनी कॉलनीला वेड लावलं. दूधवाल्याला विचारलं, फॅक्टरी बसच्या ड्रायव्हरला विचारलं, सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींना प्रसादाच्या आधी विचारलं. सकाळी म्हणायचे, "घेतोच बाई! नवी ते नवी." दुपारी जेवून उठले की, "पंधरा वर्षं कायले घालवली मंग?" संध्याकाळी पुन्हा नवी. शेवटी काकू म्हणाल्या, "चला, पाहून तरी येऊ. नाहीतर हे मलेच खोलून पाहातीन."

आम्ही तिघं बसने नागपूरला गेलो. काकांनी बटण दाबलं आणि गाडी हूं की चूं न करता सुरू झाली. त्यांनी दचकून माझ्याकडेच पाहिलं, मी मागून ढकलली की काय! चक्कर मारून आले तेव्हा चेहरा बारशाच्या घरासारखा उजळला होता. "बाई, एक नंबर! पाण्यावानी जाते!" काकू सीटवर बसल्या आणि उठताना पहिल्यांदाच "अगं आई गं" म्हणाल्या नाहीत. तेही काकांनी पाहिलं. मग त्यांनी बोनेट उघडायला लावलं. आत इंजिनावर एक मोठं काळं झाकण. त्यांनी त्याच्यावर बोटाने टकटक केलं. "हे खोलत नसतात," दाखवणारा म्हणाला. परतीच्या बसमध्ये काका तेच बोट खिडकीच्या काचेवर टकटकवत बसले. मग म्हणाले, "तिच्या गुडघ्याले चांगली हाय. घेऊन टाकू." जुनी देऊ नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलणार कोणत्या तोंडाने? गुडघे तर खरेच दुखत होते.

जुनी गाडी न्यायला पुढच्या शुक्रवारी माणूस आला, सोबत ओढून नेणारी व्हॅन. सगळी लाइन जमली. काकूंनी हळदकुंकू लावून गाडीला ओवाळलं. त्या माणसाने दार उघडलं आणि तो तसाच वाकून उभा राहिला.

"काका, स्टिअरिंग कहाँ है?"

काका व्हरांड्यात बसले होते. स्टिअरिंग त्यांच्या मांडीवर होतं. "ते देत नसतात," ते म्हणाले.

"देत नसतात म्हणजे?"

"अरे बापू, बैल इकला तं दावं घरी ठेवा लागते ना! माह्या बापानं एक दावं दुसऱ्याच्या घरी जाऊ देलं नाही. गोठ्यातली बरकत जाते." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर कोणालाच काही चूक वाटेना. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस, पहाटे उठून पाना घेऊन मोठ्या निगुतीने दावं सोडून बसला होता.

तो माणूस डोक्याला हात लावून म्हणाला, "लेकिन गाडी वळवू कशी?"

काकांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. मग गाडीकडे. अख्ख्या जिल्ह्याला घंटा ऐकवू पाहणारा फोरमन, त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं! काकूंना आधी हसू फुटलं, मग मला, मग लाइनीतल्या सगळ्यांना. मुख्याध्यापक तर कुंपणाला धरून हसत होते. काकाही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले.

काकूंचं हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "अवो, बैल दावं सोडून बी चालत गेला. हे गाडी कशी जाईन?"

"नाई जात मंग," काका म्हणाले.

"अन् माहे गुडघे?"

"तुह्यासाठी सीट उंच करतो. दार मोठं करतो. खोलून पाहा लागते, पण करतो."

काकूंनी कपाळावर हात मारला, आत गेल्या आणि न्यायला आलेल्या माणसासाठी चहा घेऊन बाहेर आल्या. निर्णय झाल्याचं आम्हाला त्यावरून कळलं. मुलाला फोन मीच केला. तो बराच वेळ नुसता हसत होता.

निघायच्या दिवशी सामान ट्रकने आधीच गेलं होतं. काकू उंच केलेल्या सीटवर छत्री उघडून राणीसारख्या बसल्या होत्या. मी लाडवांचा डबा चौकातल्या कट्ट्यावर ठेवला होता, गाडी सुरू झाली की नीट भेटून द्यायचा म्हणून. आम्ही सगळ्यांनी जीव लावून धक्का मारला. गाडी खोकली, उसळली आणि पहिल्यांदाच एका दमात सुरू झाली. तिला थांबवायचं नाही हे आनंदाच्या भरात आम्ही विसरूनच गेलो होतो. मग काकांनी चौकाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत काकू ओरडल्या, "येतो बाप्पा! सगळे दिघोरीले या!" दुसऱ्या फेरीत मी पळत पळत डबा त्यांच्या मांडीत टाकला. तिसऱ्या फेरीत काकांनी एक हात सोडून नमस्कार केला, गाडी मुख्याध्यापकांच्या अंगावर गेली आणि सगळे किंचाळत पांगले. माझं मात्र अजून काही बोलायचं राहिलं होतं. दहा वर्षांत या माणसाने मला किती हसवलं, ते एकदा तरी सांगायला हवं होतं. चौथ्या फेरीला सांगू म्हणून मी धापा टाकत शब्द जुळवत उभी राहिले. गाडी आली, वळणावर जराशी हळू झाली आणि सरळ कॉलनीच्या गेटच्या रस्त्याला लागली.