बंद सरोवरावरची उस्तिन्या

उस्तिन्या किप्रियानोव्ना माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या कांद्याच्या वाफ्यांमध्ये एक कुंपण, तेही मोडकं. एस्टोनियाच्या पूर्वेला, पेइपुस सरोवराच्या काठाने पसरलेलं आमचं एका रस्त्याचं गाव. उन्हाळ्यात कांदे, हिवाळ्यात मासे. हिवाळ्यात मासे धरायचे म्हणजे गोठलेल्या सरोवरावर चालत जायचं, गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि गळ सोडून बसायचं. हे काम बाप्यांचं. नवरा गेल्यावर उस्तिन्याने ते आपल्या हातात घेतलं.

तिचा नवरा, माकारी, गावाजवळच्या नदीच्या मुखाशी बर्फ फुटून बुडाला. डिसेंबर होता आणि सरोवर खुलं होतं, म्हणजे बर्फावर जायला हरकत नाही असा कागद फळ्यावर लागला होता. पुढे वीस वर्षं ती एकच वाक्य ऐकवायची, "तो कागद वाचून गेला. मी पहार ऐकून जाते." पहार पुढे आपटत चालायचं. चांगला बर्फ खणखणीत बोलतो, कुजलेला दबका. तिचा कान असा होता की म्हातारे कोळीही तिच्या पावलावर पाऊल टाकत.

सरोवरावर जाण्याआधी सीमारक्षकांच्या चौकीला कळवायचं, आणि चौकीने सरोवर बंद केलं की काठावर थांबायचं, नाहीतर दंड, असा नियम आहे. राइमो आमच्या चौकीवर आला तेव्हा चौतिशीचा होता. आतल्या शहरातला, बर्फाची फारशी ओळख नसलेला. तिचं बापाच्या नावासकट पूर्ण नाव घेताना त्याची जीभ अडखळायची, पण तो ते दर वेळी पूर्ण घ्यायचा.

त्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सरोवर बंद झालं. उस्तिन्या तडक चौकीवर गेली. मी कांद्याची जुडी द्यायच्या निमित्ताने तिच्याबरोबर.

"चाळीस सेंटिमीटर बर्फ आहे," ती म्हणाली. "सकाळी मोजलाय. वर घोडा नेला तरी हलणार नाही."

"मार्चचा बर्फ जाडीवर मोजत नाहीत, उस्तिन्या किप्रियानोव्ना. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

"मला कळतं ना? मग मला कशाला अडवतोस?"

"तुम्हाला कळतं. शहरातून गाड्या भरून मासे धरायला येतात त्यांना कळत नाही. तुम्ही गेलात की तुमच्या मागोमाग ते जातात."

"म्हणजे त्यांच्या अकलेचं भाडं मी भरायचं."

मग तिने कोटातून चार घड्या घातलेला कागद काढला. मी माझ्या जबाबदारीवर जाते, काही झालं तर मला आणायला कोणी येऊ नये, असं लिहून खाली सही. राइमोने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"याचा काही उपयोग नाही. तुम्ही अडकलात असं कळलं की मला यावंच लागणार."

"मी नको म्हणतेय ना?"

"नको म्हणणाऱ्याकडेही जावं लागतं."

"मग ते तुझं दुखणं, पोरा. माझं नाही."

परतताना ती रस्ताभर पुटपुटत होती. "रात्री चुलीवर झोपले नि पडून मेले तर चूल बंद करतील. इथे कोणाला स्वतःच्या जिवाचं मालक होऊ देत नाहीत."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती घसरगाडी ओढत काठच्या लव्हाळ्याच्या आडोशाने सरोवरावर उतरली. मी खिडकीतून पाहिलं आणि परत चहाकडे वळले. आमच्यात चुगली करत नाहीत.

अकराच्या सुमाराला वारा फिरला. दक्षिणेचा होता तो पश्चिमेचा झाला, काठाकडून आत ढकलणारा. पाऊण तासाने लांबवर ढग गडगडल्यासारखा आवाज आला. आकाश स्वच्छ होतं. माझ्या हातातला सुरा कांद्यावरच थांबला. पश्चिमेच्या वाऱ्यात बर्फाला काठाला समांतर तडा जातो आणि पलीकडचा सगळा तुकडा रशियाच्या बाजूला वाहू लागतो, हे इथे पोरांनाही माहीत असतं. मी चौकीवर फोन केला. गावात असं करणारी मी पहिलीच असेन.

धक्क्यावर पोचले तेव्हा उस्तिन्याचा दीर झोसिम आधीच तिथे होता. राइमो केशरी पोशाख चढवून एक चपटी हलकी बोट बर्फावर ओढत होता. हवेवर चालणारी मोठी बोट त्याच सकाळी उत्तरेला गेली होती, तिथे शहरातले सहा जण अडकले होते. राइमोचा जोडीदारही तिच्यावर. मोठी बोट परत यायला दोन तास.

"मी येतो," झोसिम म्हणाला.

"तुम्ही सत्तरीचे. अंगात तरंगणारा पोशाख नाही. परवानगी नाही."

"आणि तुला एकट्याने जायची परवानगी आहे का?"

राइमोने दोरी खांद्यावर टाकली. "नाही," म्हणाला, आणि चालू लागला.

पुढचं मला दोघांकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

तड्याचा आवाज झाला तेव्हा उस्तिन्या त्याच्या पलीकडे होती. ती गळ गुंडाळून धावत कडेशी आली तर मध्ये पाणी, तीन-चार मीटर रुंद, आणि डोळ्यांदेखत वाढणारं. तिने आमच्या जुन्या रीतीने दोन बोटांनी क्रूसाची खूण केली आणि कडेकडेने उत्तरेला निघाली, कुठे तुकडा काठाच्या बर्फाला अजून अडकलेला सापडतो का बघत. भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "त्या वेळी नाही. माझं मी बघत होते ना."

मग तिला काठाच्या बाजूला केशरी ठिपका दिसला. ठिपका धक्क्यावरून सरळ रेषेत येत होता. सरळ रेषेत म्हणजे नदीच्या मुखासमोरून. तिथे खालून पाण्याचा ओढा असतो आणि मार्चमध्ये बर्फ वरून जाड दिसला तरी आतून सुट्या काड्यांसारखा होतो. ती स्वतः पहाटे अर्धा कोस वळसा घालून आली होती.

तिने ओरडून पाहिलं. वारा तिच्या तोंडावर येत होता, शब्द मागेच जात होते. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि चौकीचा नंबर लावला. चौकीचा फोन राइमोच्याच खिशात होता, तिथे वाजला.

"राइमो, थांब. पाऊल उचलू नकोस."

"तुम्ही कुठे आहात? दिसत नाही."

"माझं मरू दे. तू कुठे आहेस ते मला दिसतंय. तू नदीवर उभा आहेस."

ठिपका जागीच थांबला.

"बोट मागे आहे? दोरी ओढून जवळ घे. हळू. तिच्यावर पोट टेकव, सगळं वजन तिच्यावर."

त्याने दोरी ओढली आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. फोन त्याच्या हातून बर्फावर पडला, पण बंद झाला नाही. तिला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याचं कण्हणं. माकारी गेला तेव्हा ती घरात पीठ मळत होती, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. आता सगळं ऐकू येत होतं. ती फोनमध्ये त्याचं नाव घेत राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. राइमो म्हणतो, मिनिटभर असेल.

मग त्याचा आवाज आला. "बोटीवर आहे."

"उजवीकडे पांढरं दिसतंय? करडं नाही, पांढरं."

"हो."

"सरपटत तिकडे. उभा राहू नकोस, मी सांगेपर्यंत."

तो पोटावर बोट ढकलत दोनशे मीटर गेला असेल. मग तिने त्याला उभं राहायला सांगितलं, वळवलं, परत वळवलं. तड्याशी पोचला तेव्हा पाणी पंधरा मीटरवर गेलं होतं. वल्हवत पलीकडे आला. तिने मासे, गिरमिट, घसरगाडी सगळं टाकलं आणि फक्त पहार घेऊन बोटीत बसली. अर्ध्या पाण्यात ती म्हणाली, "बुट्टीत बावीस मासे होते."

"उस्तिन्या किप्रियानोव्ना, गप्प बसा," राइमो म्हणाला. त्याने तिला असं बोलायची ती एकच वेळ.

अलीकडे आल्यावर ती पुढे पहार आपटत, तो मागे बोट ओढत. नियमाने त्याने पुढे चालायचं होतं. धक्क्यावर आले तेव्हा त्याचे दात वाजत होते. मी घोंगडी दिली, झोसिमने चहा ओतला. दोन्ही हातांत पेला धरून राइमोने ऊब घेतली, आणि मग त्याने दंडाची पावती लिहायला घेतली.

"लाज नाही वाटत?" झोसिम म्हणाला. "तिने वाचवलं नसतं तर तू आत्ता माशांना पावत्या लिहीत असतास."

"गप्प बसा, भावजी," उस्तिन्या म्हणाली. तिने सही केली. मग विचारलं, "आणि एकटा आलास त्याची पावती कोण लिहिणार?"

"तो अहवाल मीच लिहितो."

त्याने खरंच लिहिला. वरून ठपका आला आणि दोन महिने त्याला चौकीबाहेर पडू दिलं नाही.

उस्तिन्याने आभार मानले नाहीत. मात्र पुढच्या हिवाळ्याआधी गावात सभा झाली तेव्हा ती उठून शहराहून आलेल्या साहेबांशी भांडली. सगळ्या सरोवराला एकच कुलूप का, प्रत्येक गावासमोरचा बर्फ वेगळा मोजा, आणि मोजायला इथली माणसं घ्या. साहेबांनी लिहून घेतलं. काही झालं, काही नाही झालं. आता उस्तिन्या आठवड्यातून दोनदा राइमोबरोबर नऊ ठिकाणी भोकं पाडून माप देते. कधी तिचं ऐकतात, कधी नाही.

मागच्या फेब्रुवारीत अजिबात ऐकलं नाही. तिच्या मापाने बर्फ अठरा सेंटिमीटर, टणक, वारा पडलेला. तरी सरोवर आठ दिवस बंद. ती अंगणात येरझाऱ्या घालत शिव्या देत होती. कुंपणापाशी झोसिम उभा.

"जा की, वहिनी. कान आहे, पहार आहे. कशाला त्यांच्या कागदाची वाट बघतेस? म्हातारी झालीस म्हण."

"बर्फ चांगला आहे," ती म्हणाली. "मला काही होणार नाही, ते मला माहीत आहे. राइमोला माहीत नाही. मी बर्फावर दिसले की तो निघणार." ती थांबली. "या आठवड्यात त्याची बायको बाळंत व्हायची आहे."

उस्तिन्या आत गेली आणि दार असं आपटलं की माझ्या घरातली ताटं वाजली.

नवव्या दिवशी सरोवर खुलं झालं. ती सगळ्यांच्या आधी गेली, दुपारी अकरा मासे घेऊन परतली, आणि गेल्या आठवड्यात ते याहून मोठे होते असं संध्याकाळपर्यंत येईल त्याला ऐकवत राहिली.