एका पाइपाची दोन घरं

घराची वाटणी झाली तेव्हा सगळ्याचं दोन झालं. दारं दोन, स्वयंपाकघरं दोन, अंगण मधोमध विटांच्या भिंतीनं कापलेलं. पाण्याचा पाइप मात्र एकच राहिला. वडिलांनी घातलेला तो लोखंडी पाइप धाकट्या भावाच्या खोलीत जमिनीतून वर यायचा, भिंतीतून आरपार जायचा आणि पलीकडं ताईच्या शिवणमशीनवरून वळसा घेऊन तिच्या मोरीत उतरायचा. पाणी बंद करायचा कॉक भावाकडं, फरशीखालच्या खड्ड्यात. पाइपाची वाटणी करायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेलही, पण तोवर बहीणभावाचं बोलणं बंद झालं होतं.

आई गेली त्या दिवशी ताई कारखान्यात दवाखान्याच्या चादरींच्या कडा शिवत बसली होती. भावानं निरोप पाठवला नाही. कामावरून आल्यावर कळेलच, असं त्याला वाटलं. ती घरी आली तेव्हा आईचे पाय गार पडले होते. ती रडली नाही, भांडलीही नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर व्हावा तसं तिच्या आत काहीतरी झालं. फरक एवढाच, की गालाला थोड्या वेळानं जाग येते. पुढं तिनं कारखाना सोडला आणि त्याच चादरी घरी आणून शिवायला लागली. ढीग यायचा, ढीग जायचा. दिवसांचंही तसंच.

थंडी कडक पडणार असली, की दिवस मावळताना भाऊ कॉक बंद करायचा आणि पाइपावर पान्यानं एक ठोका द्यायचा. तो घुमत घुमत भिंतीपलीकडं यायचा. मग ताई मोरीतली तोटी सोडायची. पाइपातलं पाणी निथळून जायचं आणि गोठायला आत काही उरायचं नाही. सकाळी ऊन तापलं की दोन ठोके, म्हणजे पाणी सोडतोय, तोटी बंद कर. ही वडिलांची शिस्त. वडील गेले, आई गेली, वाटणी झाली, पण ठोका कधी चुकला नाही.

शेजारीण म्हणायची, "बाई बाई, तुमच्यापेक्षा तुमची भिंत जास्त बोलते!"

ताई हसल्यासारखं करायची. पण पलीकडं भाऊ आहे, त्याचा हात चालतोय, आपण त्याच्या ध्यानात आहोत, हे तिला त्या ठोक्यावरूनच कळायचं. रक्ताच्या नात्यातलं तिच्याकडं तेवढंच शिल्लक होतं.

यंदा थंडीनं पहिला खरा दात दाखवला त्या संध्याकाळी ठोका आला नाही.

ताई मोरीत उभी राहिली. अंधार पडला तरी भिंत गप्पच. शेजारीण वाटी परत द्यायला आली ती दारातच थबकली.

"अगं, अशी भुतासारखी काय उभी? तोटी जरा थेंबथेंब सोडून ठेव की. वाहतं पाणी लवकर गोठत नाही."

"त्याचा ठोका आला नाही अजून."

"ठोका म्हणजे काय सरकारी हुकूम आहे का गं?"

ताईनं तोटी घट्ट आवळलेली होती, ती तशीच ठेवली. ठोक्याआधी तोटीला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यानं हेही तोडलं तर, असं तिच्या मनात आलं. वाईट वाटतंय का, म्हणून तिनं स्वतःला चाचपून पाहिलं. काही लागलं नाही हाताला. ती अंथरुणावर जाऊन पडली.

सकाळी तोटीतून थेंब आला नाही. पाइप गोठला होता. वडील सांगायचे, अशा पाइपाला विस्तव दाखवायचा नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं, तेही तोटीकडून सुरुवात करून आणि तोटी उघडी ठेवून, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. तिनं तसं केलं. फडकी गुंडाळत ती मशीनपर्यंत आली. बाहेर ऊन भिंतीवर चढलं. आणि मशीनच्या वर, वळणापाशी, साप फुत्कारावा तसा आवाज झाला. पाइप आधीच फाटला होता. बर्फानंच ती फट बुजवून धरली होती, एवढंच.

फवारा थेट मशीनवर आणि शिवून झालेल्या चादरींच्या ढिगावर. तिनं आधी विजेचं मेन स्विच बंद केलं, ढीग उचलून पलंगावर टाकला, फटीला कापड आवळून बांधलं. कापड भिजून पाणी पुन्हा सुरू. कॉक बंद केल्याशिवाय हे थांबणार नव्हतं, आणि कॉक भिंतीपलीकडं होता.

ती रस्त्यावरून वळसा घालून भावाच्या दारात गेली. इतक्या वर्षांत त्या पायरीवर तिचा पाय पडला नव्हता.

"बाळ्या!"

"दार लोटलेलंच आहे," आतून आवाज आला.

भाऊ खड्ड्याजवळ खुर्चीत बसला होता, एक पाय ताठ पसरून. खड्ड्यावरचं झाकण अर्धवट सरकलेलं, पाना मांडीवर. दाढी वाढलेली.

"कंबर धरलीय. वाकता येत नाही," तो म्हणाला. "काठीनं झाकण सरकवलं, पण पुढं हात पोचत नाही."

ताई गुडघे टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी कॉक फिरवला. भिंतीपलीकडची धार हळूहळू मंद होत थांबली.

"काल ठोका का दिला नाहीस?"

"कॉक बंदच झाला नाही, तर ठोकू कसा? ठोका म्हणजे बंद झाला. मी ठोकलं असतं आणि तू भरवशानं तोटी सोडली असतीस. खोटा ठोका कसा देऊ, ताई?"

"मग हाक मारायची."

तो फरशीकडं बघत म्हणाला, "तू तरी कुठं मारलीस?"

ती उठली आणि प्लंबरला बोलवायला गेली.

दुपारी प्लंबर आला. दोन्ही घरं फिरून त्यानं कपाळाला हात लावला. "दोन घरं आणि कॉक एक? म्हणजे एका चपलेत दोघांनी चालायचं की हो हे!" त्यानं फाटलेला तुकडा कापून नवा जोडला. मग म्हणाला, "ताई, तुमच्या बाजूला तुमचा वेगळा कॉक बसवून टाकतो, भिंतीला लागूनच. पुढं कुणाचं कुणावाचून अडायला नको."

भाऊ आपल्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "बसवा. तिला बरं पडेल."

वेगळा कॉक बसला, की या भिंतीतून पुन्हा ठोका येणार नाही, हे ताईला कळत होतं. ते नुसतं कळत होतं, वाटत काहीच नव्हतं. तोंड मात्र बोललं.

"नको. हाच वर घ्या, कमरेच्या उंचीला. याच्या खुर्चीजवळ."

"अहो, वर घेतला तर उघडा पडेल. कॉक बंद केला तरी त्याच्या खालचा पाइप भरलेलाच राहणार. गारठला की पुन्हा मला बोलावणं."

"चिंध्या आहेत माझ्याकडं. गुंडाळते."

"एवढं भांडायचं, आणि कॉक मात्र एकच पाहिजे," प्लंबर पुटपुटत कामाला लागला.

तो गेल्यावर ताईनं चादरींच्या कातरणांचं गाठोडं आणलं. नव्या उभ्या पाइपाला ती खालपासून पट्ट्या गुंडाळू लागली, एकीवर एक, कुठं लोखंड उघडं राहू न देता. भावानं खुर्चीतूनच सुतळीचं टोक धरलं. सारा दिवस पाण्यात हात राहिल्यानं तिच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. शेवटची गाठ नीट बसली की नाही, हे तिनं वाकून डोळ्यांनी पाहिलं, आणि मग त्याच्याकडं वर बघून म्हणाली, "सोड आता."