पत्र्यापलीकडचा ठोका

बोलायच्या आधी तो टेबलावर हातोडा आपटायचा. मग म्हणायचा, "हं, आता बोल!" चहा मागवतानाही तेच. बाहेरचा टपरीवाला नुसत्या आवाजावर कप भरायचा.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या गाळ्यात त्याची एक जुनी पॉवर प्रेस होती, वॉशर ठोकायची. असल्या गाळ्यांपुढून गेला असाल तर तुम्ही तो आवाज ओळखाल: धाड, धाड, एकसारखा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तिनंच खाल्ली होती. पण तिला त्यानं कधी शिवी दिली नाही. शिव्या माणसांसाठी राखलेल्या.

महासाथीत सरकारी हमीवर दिलेल्या तातडीच्या कर्जाचा धंद्यांना किती उपयोग झाला, हे तपासायला मी गेलो होतो. गळ्यात ओळखपत्र, डोक्यात हवा. यादीतला गाळा त्याच्या शेजारचा. शटर खाली होतं, पण आतून दणदणीत ठोके येत होते. मी बाहेरूनच ऐटीत लिहिलं, 'उद्योग चालू. योजना उपयुक्त.' मग पाणी मागायला याच्याकडे शिरलो आणि फॉर्म टेबलावर ठेवला. त्यानं वाचला.

हातोडा माझ्या कानाजवळून गेला. दोन गाळ्यांमधला पत्रा चेपला. दुसऱ्या क्षणी माझी कॉलर त्याच्या तीन बोटांत.

"शेजारचा ते कर्ज घेऊनच बुडाला. सहा महिने कुलूप आहे. ठोका माझा, भडव्या, आणि नाव योजनेचं?"

आणि सणसणीत थोबाडीत. घाबरलो की मी छापील बोलतो. म्हणालो, "सर, एक ते पाचमध्ये आपण किती समाधानी आहात?"

तो हसतच सुटला. ओठाचं रक्त पुसायला स्वतःची चिंधी दिली. ग्रीसनं मी आणखीच माखलो.

"मला बँकेनं हाकललं. जुनं कर्ज असेल त्यालाच हे मिळतं म्हणे. जन्मात कुणाचा रुपया उचलला नाही, ही माझी चूक. लिही!"

"शेठ, त्याला रकाना नाही."

"मागच्या बाजूला लिही. वरच्या साहेबांना सांग, आम्हालाही द्या. दिवाळीपर्यंत दम आहे माझ्यात. सांगतोस ना?"

"उद्याच."

लिहिलं खरं. पण ओठापेक्षा माझा अहंकारच जास्त सुजला होता. फॉर्म बॅगेत पडून राहिला. दिवाळी गेली.

साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा पुन्हा गेलो. वळणावरच ठोके ऐकू आले. हायसं वाटलं. चालता चालता मागच्या बाजूला लिहून टाकलं, 'अजून चालू.'

आत तो घण घेऊन प्रेसवर तुटून पडला होता. तिच्या चाकाला तडा गेलेला, त्याचे तळहात सोललेले. दारात उल्हासनगरचा भंगारवाला हात जोडून उभा. "अरे साईं, मत तोडो! हम काट के ले जाएंगे ना!"

मला पाहून तो थांबला. टेबल आधीच विकलं गेलं होतं. त्यानं घण जमिनीवर आपटला.

"हं, आता बोल!"

मी फॉर्म पाठीमागे लपवला. त्यानं तो ओढून घेतला, वाचला आणि शांतपणे परत दिला. त्यापेक्षा पुन्हा मारलं असतं तर बरं झालं असतं.

"धंद्याचा ठोका एकसारखा पडतो रे," तो म्हणाला. "एवढंही नाही कळलं तुला?"

आता त्या गाळ्यात खोक्यांचं गोदाम आहे. तो कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. परवा मी टपरीवर उभा असताना आत कुणीतरी खोकं धाडकन आपटलं. टपरीवाल्यानं सवयीनं कप भरला, आणि मग माझ्याकडे पाहत राहिला.